११९ विजय आणि करारातली एक पळवाट

आयपीएलच्या लिलावात विशीतला एखादा पोरगा काही कोटींना गेला की दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये, कट्ट्यावर, ऑफिसच्या चहाला तीच चर्चा. एवढे पैसे कशाचे? निदान ते पैसे त्या पोराच्या खिशात जातात. आता समजा, ते त्याला न मिळता त्याच्या आधीच्या क्लबच्या मालकाला मिळाले असते. आणि त्या मालकाला "मला नाही विकायचा, काय करायचं ते करा" असं म्हणायचीही मोकळीक असती.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका मालकाला काही वर्षं अशी मोकळीक मिळाली होती. तिच्यातून एक विलक्षण संघ उभा राहिला: बाल्टिमोर ओरिओल्स. १९२१ च्या हंगामात या संघाने १६६ सामन्यांपैकी ११९ जिंकले, ४७ हरले. मधे तर सलग २७ जिंकले. आणि हे सगळं 'मायनर' लीगमध्ये, म्हणजे कागदोपत्री दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत.

बेसबॉल येत नसेल तरी हरकत नाही, लागेल तेवढा वाटेत समजून घेऊ. त्याच्याआधी एक कलम समजून घ्यायचं आहे, आणि रेल्वेखाली हात सापडलेल्या एका माणसाला भेटायचं आहे.

मायनर म्हणजे कच्चं लिंबू नव्हे

आज मायनर लीग म्हणजे मोठ्या संघांची रोपवाटिका. प्रत्येक मेजर लीग संघाच्या हाताखाली काही छोटे संघ असतात, तिथल्या खेळाडूंचा पगार वरचा संघ देतो, आणि पोरगा तयार झाला की वर उचलून घेतो. खालच्या संघाने किती सामने जिंकले याची वरच्यांना फारशी फिकीर नसते.

१९२१ मध्ये हे असं नव्हतं. मेजर लीगमध्ये तेव्हा १६ संघ होते, पण ते अवघ्या १० शहरांत. सेंट लुइसच्या पश्चिमेला एकही नाही. टीव्ही नाही, रेडिओ नुकता रांगायला लागलेला. मग उरलेल्या अमेरिकेने बेसबॉल बघायचा कुठे? आपापल्या गावच्या मायनर लीग मैदानावर. हे संघ स्वतंत्र होते. त्यांचा मालक वेगळा, मैदान वेगळं, तिकिटाचा गल्ला त्यांचा आणि खेळाडूही त्यांचेच.

ओरिओल्स खेळत ती इंटरनॅशनल लीग या व्यवस्थेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होती. बाल्टिमोर, रॉचेस्टर, बफेलो, टोरांटो, न्यूअर्क, सिरॅक्यूज, जर्सी सिटी, रेडिंग असे आठ संघ. टोरांटो कॅनडात, म्हणून 'इंटरनॅशनल'. लीग जिंकणाऱ्याला मिळायचा पेनंट, म्हणजे खरोखरचा झेंडा. म्हणून बेसबॉलमध्ये आजही लीग जिंकण्याला 'पेनंट जिंकणं' म्हणतात.

बाल्टिमोरला 'मायनर' हा शब्द जरा जास्तच झोंबायचा. १९२० च्या जनगणनेत हे देशातलं आठव्या क्रमांकाचं शहर होतं, लोकसंख्या सात लाखांच्या वर. त्यांच्याकडे एकेकाळी मेजर लीगचा संघ होता आणि त्याने १८९४, १८९५, १८९६ असे लागोपाठ तीन पेनंट जिंकले होते. १८९९ नंतर तो संघ गुंडाळला गेला. १९०१ मध्ये अमेरिकन लीग या दुसऱ्या मेजर लीगने नवा संघ दिला, दोन हंगामांत तोही गेला आणि त्याची जागा न्यूयॉर्कने घेतली. दोनदा पंगतीत बसवून दोनदा उठवलेल्या पाहुण्याची जी अवस्था होईल, तीच या शहराची होती.

अडीच हजार डॉलरचा दरवाजा

आता ते कलम. मेजर आणि मायनर लीग यांच्यात एक राष्ट्रीय करार होता. त्यातल्या 'ड्राफ्ट'च्या तरतुदीनुसार मेजर लीगचा संघ दरवर्षी हंगाम संपल्यावर मायनर संघातला एखादा खेळाडू ठरावीक किमतीला उचलू शकत असे. इंटरनॅशनल लीगसारख्या वरच्या दर्जाच्या संघांसाठी ती किंमत होती २,५०० डॉलर. मालकाची इच्छा असो वा नसो. घासाघीस नाही. ते २,५०० डॉलर घ्यायचे आणि पोराला निरोप द्यायचा.

त्यामुळे मायनरचे मालक एक शहाणपण शिकले होते. चांगला खेळाडू हाताला लागला की ड्राफ्ट यायच्या आत तो विकून मोकळं व्हायचं. बाजारात ५,००० येत असतील तर तेवढे घ्या, उद्या २,५०० वर समाधान मानावं लागेल. म्हणून कुठलाही मायनर संघ सलग चार-पाच वर्षं तगडा राहूच शकत नसे. झाडाला आंबा लागला की पिकायच्या आत उतरवायचा, असा तो हिशेब.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण मनात येतं. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. पण मुंबईचा खेळाडू भारताकडून खेळायला लागला तरी मुंबईचाच राहायचा आणि वेळ मिळाला की परत येऊन रणजी खेळायचा. मायनर लीगमधून खेळाडू वर गेला की त्याचा संघ त्याला कायमचा मुकायचा. म्हणून बाल्टिमोरने पुढे जे केलं ते मला मुंबईच्या पंधरा करंडकांपेक्षाही विचित्र वाटतं. मोठं नाही म्हणत मी. विचित्र म्हणतो.

खेळाडूची बाजूही सांगायला हवी. त्याच्या करारात 'रिझर्व्ह' कलम असायचं. त्या कलमाचा अर्थ असा की करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबचाच. तो दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नाही. एक तर मिळेल त्या पगारात खेळा, नाहीतर घरी बसा. हे कलम मेजर लीगमध्येसुद्धा १९७५ पर्यंत टिकलं. म्हणजे ड्राफ्ट मालकाच्या दृष्टीने दरोडा असला, तरी कित्येक खेळाडूंसाठी वर जाण्याचा तोच एक खात्रीचा जिना होता.

जॅक डन

ओरिओल्सचा मालक आणि मॅनेजर एकच माणूस, जॅक डन. १८७२ चा जन्म, पेनसिल्व्हेनियातला, वाढला न्यू जर्सीत. लहानपणी मालगाडीखाली डावा हात चिरडला. हात कापला नाही तर जीव जाईल, असं डॉक्टर म्हणाले. पोराने कापू दिला नाही. जीव वाचला, हातही राहिला, फक्त तो पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. अशा हाताने हा माणूस मेजर लीगमध्ये खेळला. नुसता खेळला नाही, १८९९ मध्ये ब्रुकलिनकडून पिचर म्हणून त्याने २३ सामने जिंकले.

(पिचर म्हणजे साधारण आपला बोलर, फक्त चेंडू टप्पा न पाडता टाकतो. एक मुख्य पिचर सामना सुरू करतो आणि त्या काळी बहुधा संपवायचाही तोच. म्हणून जिंकल्याचं श्रेय संघाबरोबर एका पिचरच्या नावावरही नोंदलं जातं. त्याला मधे विश्रांती लागते, म्हणून संघाला तीन-चार चांगले पिचर हवेतच. आज एखाद्याने हंगामात २० सामने जिंकले की मोठी बातमी होते.)

डन १९०७ मध्ये बाल्टिमोरला मॅनेजर म्हणून आला, दुसऱ्याच वर्षी पेनंट जिंकला आणि १९०९ च्या शेवटी त्याने क्लबच विकत घेतला. पोरं हेरण्यात त्याची नजर पक्की. १९१४ च्या फेब्रुवारीत त्याने शहरातल्याच सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल या सुधारगृहवजा शाळेतून १९ वर्षांचा एक दांडगट मुलगा उचलला. संघातले लोक त्याला 'डनचं बाळ' म्हणू लागले आणि त्या 'बाळा'चं इंग्रजी नावच कायमचं चिकटलं. तो बेब रूथ, बेसबॉलच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव.

रूथ डनकडे टिकला किती? पाच महिनेसुद्धा नाही. त्याच वर्षी फेडरल लीग नावाची एक बंडखोर लीग स्वतःला तिसरी मेजर लीग म्हणवून घ्यायला लागली. तिने बाल्टिमोरला टेरापिन्स नावाचा संघ दिला आणि त्याचं नवं लाकडी मैदान बांधलं ते डनच्या मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. शहर पलीकडे गेलं. डनचा संघ लीगमध्ये अव्वल होता, रूथ पिचिंग करत होता आणि स्टँडमध्ये माणसं बोटावर मोजण्याइतकी. हॉटेल उत्तम, पण समोर फुकट जेवणावळ लागल्यासारखं. जुलैमध्ये डनने रूथला आणखी दोघांसह बॉस्टनला विकलं. नंतर इतर खेळाडूही विकले. १९१५ ला तर अख्खा संघ घेऊन तो रिचमंडला गेला.

फेडरल लीग दोन वर्षांत बुडाली. टेरापिन्सचे मालक कोर्टात गेले आणि ते प्रकरण १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. कोर्टाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू नाही. (एका शहरातून दुसऱ्या शहरात गाड्या भरभरून संघ जायचे, तिकिटं विकायची, आणि तो व्यापार नव्हे! असो.) डन मात्र १९१६ लाच बाल्टिमोरला परतला होता आणि त्याने संघ नेऊन बसवला तो त्याच, शत्रूने बांधलेल्या मैदानात. ते लाकडी मैदान १९४४ च्या जुलैत एका रात्री जळून खाक होईपर्यंत ओरिओल्स तिथेच खेळले.

दार बंद झालं

१९१९ च्या सुरुवातीला मायनर लीग्जनी त्या राष्ट्रीय करारातूनच अंग काढून घेतलं. ड्राफ्ट बंद. १९२१ मध्ये नवा करार झाला, पण त्यात एक सोय ठेवली गेली. ज्या मायनर लीगला ड्राफ्ट नको असेल तिने नाही म्हणावं, फक्त मग तिनेही आपल्या खालच्या लीगमधून ड्राफ्टने खेळाडू उचलायचे नाहीत. इंटरनॅशनल लीगने नाही म्हटलं.

इतर मालकांनी यातून काय साधलं? खेळाडू विकताना जरा जास्त किंमत मागता आली. डनने मात्र वेगळंच केलं. त्याने विकणं थांबवलं. वर्षानुवर्षं चांगला संघ बांधायचा आणि दर हंगामाला तो मोडून विकायचा, हे करून करून तो थकला असावा, असं मला वाटतं. १९१४ च्या रिकाम्या स्टँडची आठवणही असेल. तो पोरं जमवत गेला, त्यांना बऱ्यापैकी पगार देत गेला आणि ठेवत गेला.

१९१९ मध्ये १०० विजय आणि पेनंट. १९२० मध्ये टोरांटोने १०८ सामने जिंकले, कुठल्याही वर्षी पेनंटला पुरले असते एवढे. पण ओरिओल्सनी हंगामातले शेवटचे २५ सामने सलग जिंकले आणि ११० वर जाऊन थांबले.

त्याच उन्हाळ्यात डनला एक डावखुरा पिचर मिळाला होता. रॉबर्ट 'लेफ्टी' ग्रोव्ह, मेरीलँडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या लोनाकोनिंग गावचा. तो मार्टिन्सबर्ग नावाच्या छोट्या गावच्या संघाकडून खेळत होता आणि त्या संघाच्या मैदानाला कुंपण नव्हतं. कुंपण नाही म्हणजे बाहेर उभं राहून फुकट सामना बघणारे ढीगभर आणि तिकीट काढणारे मूठभर. डनने मार्टिन्सबर्गला साधारण ३,५०० डॉलर दिले, कुंपणाचा खर्च निघाला आणि ग्रोव्ह बाल्टिमोरला आला. बेसबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ डावखुऱ्या पिचरांपैकी एक, लाकडी फळ्यांच्या भावात.

१९२१

तर आता तो हंगाम.

पिचिंग बघा. जॅक ऑग्डेनने ३१ सामने जिंकले, ८ हरला. ग्रोव्हने २५ जिंकले आणि २५४ बॅटर बाद केले, तेही चेंडू मैदानात मारूच न देता. टॉमी थॉमसने २४. तिघांचे मिळून ८० विजय.

पण माझ्या लेखी या हंगामाचा खरा हिरो जॅक बेंटली. जवळच्याच सँडी स्प्रिंगचा हा क्वेकर पंथीय घरातला मुलगा, महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला. तो एरवी फर्स्ट बेसवर (धाव पूर्ण करायला बॅटरला ओळीने ज्या चार ठाण्यांवरून जावं लागतं, त्यातलं पहिलं) फील्डिंग करायचा आणि रोज बॅटिंगला यायचा. त्याची बॅटिंग सरासरी होती .४१२. आपल्याकडे सरासरी म्हणजे बाद होईपर्यंतच्या धावा. बेसबॉलमध्ये तसं नाही. बॅटर सामन्यात साधारण चार वेळा उभा राहतो. त्यातल्या किती वेळा त्याने चेंडू असा मारला की स्वतःच्या बळावर बेसवर पोचला, त्याचं ते प्रमाण. दहापैकी तीन वेळा जमलं तर तो चांगला बॅटर. म्हणजे दहापैकी सात वेळा नापास होणारा माणूस इथे मान ताठ ठेवून फिरतो! .४०० च्या वर जाणं किती दुर्मीळ, तर मेजर लीगच्या दोन मुख्य लीगमध्ये हे शेवटचं जमलं १९४१ मध्ये. बेंटलीने २४ होम रनही (आपले षटकार म्हणा) मारले आणि लीगमध्ये दोन्ही बाबतींत पहिला आला.

मग अधूनमधून डन त्याला फर्स्ट बेसवरून उचलून मधल्या उंचवट्यावर पिचिंगला उभं करायचा. त्यात तो १२ सामने जिंकला आणि एक हरला. लीगचा सर्वोत्तम बॅटर, आणि फावल्या वेळात जवळजवळ न हरणारा पिचर. आज शोहेई ओहतानी हे करतो म्हणून जग तोंडात बोट घालतं.

बाकी फळीही तशीच. सेकंड बेसला मॅक्स बिशप, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) जो बोली, थर्ड बेसला कॅप्टन फ्रिट्झ मेझेल. मेझेल बाल्टिमोरच्या उंबरठ्यावरच्या केटन्सव्हिलचा, १९१४ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून ७४ बेस चोरलेला, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू मारायची वाट न बघता पुढच्या बेसवर पळून पोचलेला, वेगाचा राजा. वर जाऊन आलेले अनुभवी आणि वर जायच्या लायकीचे तरुण, यांची ही भेळ होती.

सलग २७ विजयांनी मायनर लीगमधल्या विक्रमाशी बरोबरी झाली. टेक्ससच्या कॉर्सिकाना या तेलाच्या गावच्या संघाने १९०२ मध्ये तेवढेच जिंकले होते. पुढे १९८७ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या संघाने २९ जिंकेपर्यंत हा आकडा कुणी ओलांडला नाही. दुसरा आलेला रॉचेस्टरही लेचापेचा नव्हता, १०० सामने जिंकलेला संघ होता. तरी तो १९ विजय मागे राहिला.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. ही लीग फक्त गोऱ्यांची होती. त्याच शहरात बाल्टिमोर ब्लॅक सॉक्स हा कृष्णवर्णीयांचा संघ खेळत होता, आणि त्यातल्या कुणालाही ओरिओल्सचं दार उघडं नव्हतं. इंटरनॅशनल लीगमध्ये ते दार उघडलं १९४६ मध्ये, माँट्रिअलच्या जॅकी रॉबिन्सनमुळे, आणि बाल्टिमोरच्या प्रेक्षकांनी त्याला काय काय ऐकवलं ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही. तेव्हा '११९ विजय' वाचताना समोर कोण नव्हतं हेही मनात असू द्यावं.

हंगामाचा शेवट मात्र कडू झाला. इंटरनॅशनल लीगचा विजेता आणि अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या वरच्या मायनर लीगचा विजेता यांच्यात 'लिटल वर्ल्ड सिरीज' व्हायची, पाच सामने आधी जिंकणारा विजयी. समोर होता लुईव्हिलचा संघ, मॅनेजर जो मॅकार्थी, ज्याने पुढे यांकीजना सात वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून दिली. लुईव्हिलने ओरिओल्सना ५-३ असं हरवलं. ११९ विजयांचा संघ, आणि करंडक दुसऱ्याच्या घरी.

६०० डॉलर कशाचे?

ओरिओल्स थांबले नाहीत. १९१९ ते १९२५ सलग सात पेनंट, दर वर्षी शंभराहून जास्त नाहीतर किमान शंभर विजय. पण आता लीगमधल्या बाकीच्या सात मालकांचं डोकं फिरायला लागलं. कोण जिंकणार हे एप्रिलमध्येच ठाऊक असेल तर ऑगस्टमध्ये तिकीट कोण काढणार? डनला बळ देणारं कलम सगळ्यांनी मिळून मागितलं होतं, आणि त्याचा फायदा एकालाच होत होता. शेवटी लीगने ड्राफ्ट बदललेल्या रूपात पुन्हा मान्य केला.

डनने विकायला सुरुवात केली होतीच, पण आता स्वतःच्या भावाने. १९२२ च्या हंगामानंतर बेंटली न्यूयॉर्क जायंट्सला ६५,००० डॉलरला गेला. बिशप फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडे. आणि १९२४ च्या शेवटी ग्रोव्हही फिलाडेल्फियालाच, १,००,६०० डॉलरला. हे वरचे ६०० गमतीचे आहेत. यांकीजनी बेब रूथसाठी बॉस्टनला एक लाख मोजले होते. विक्रम मोडायचा म्हणून ग्रोव्हची किंमत त्याच्यावर नेली. ज्या रूथला डनने १९१४ मध्ये गल्ला रिकामा म्हणून विकलं होतं, त्याचा हा दहा वर्षांनी चुकता केलेला हिशेब, असं मी तरी समजतो.

जुन्या ड्राफ्टमध्ये हाच ग्रोव्ह २,५०० ला गेला असता.

ग्रोव्हच्या वाट्याला काय आलं? मेजर लीगमध्ये पाऊल टाकलं तेव्हा तो २५ वर्षांचा झाला होता. बाल्टिमोरमधली जवळजवळ पाच वर्षं, शंभराहून जास्त विजय, मेजरच्या खात्यात शून्य. तरी तो वर ३०० सामने जिंकला, बरोबर ३००. ड्राफ्ट चालू असता तर हा आकडा किती झाला असता यावर बेसबॉलवेडे आजही रात्री जागवतात. पगार बरा होता, पण जायचं की राहायचं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

१९२६ मध्ये टोरांटोने साखळी तोडली. १९२९ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्या संघात ग्रोव्ह, बिशप, बोली आणि जॉर्ज अर्नशॉ असे डनच्या हाताखाली तयार झालेले चौघे होते. ते बघायला डन नव्हता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धा बघायला तो घोड्यावर बसून गेला होता, आणि खोगिरात असतानाच त्याचं हृदय बंद पडलं.